गाडीतलं बोलणं

उघड्यावर नाटक करणाऱ्याला आवाज लागतो, असं लोक म्हणतात. आवाज काय, भाजी विकणाऱ्यालाही असतो. उघड्यावर नाटक करणाऱ्याला लागते सोशिकता. ऐन विरहाच्या प्रसंगात डोक्यावरून कावळा जातो आणि जाता जाता आपलं मत नोंदवून जातो. तलवार उपसावी, तर कुणाचं तरी कुत्रं रंगमंचावर चढून सेनापतीची पोटरी हुंगत बसतं. वारा सुटला की दाढी एकीकडे जाते आणि संवाद दुसरीकडे. हे सगळं सोसून माणूस तयार होतो न होतो, तोवर मालगाडी येते.

कंपनीचा रंगमंच बागेच्या खोलगट कोपऱ्यात होता. समोर अर्धगोल दगडी पायऱ्या, त्यांवर प्रेक्षक. मागे पडद्याऐवजी जुन्या झाडांची रांग. आणि डाव्या अंगाला, कुंपणाला लागूनच, रेल्वेचे रूळ. ज्याने ही जागा निवडली त्याने ती सकाळच्या वेळी पाहिली असणार, कारण मालगाडी यायची संध्याकाळी, नेमकी चौथ्या प्रवेशात. एकदा यायला लागली की संपता संपायची नाही. डब्यामागून डबे, धडाड धडाड, पायऱ्यासुद्धा हादरायच्या.

तिच्यापुढे कुणाचा आवाज टिकणार? म्हणून कंपनीने एक पद्धत पाडली होती. पुलाकडून शिट्टी ऐकू आली की रंगमंचावरच्या सगळ्यात ज्येष्ठ नटाने उजवा पंजा छातीपाशी न्यायचा. त्या क्षणी जो जसा असेल तसा थिजायचा. शेवटचा डबा गेला की ज्येष्ठाने पंजा खाली घ्यायचा आणि अर्धं तुटलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू. याला कंपनीत ‘थांबा’ म्हणत. नवे प्रेक्षक थांब्याला हसत, जुने प्रेक्षक थांब्यासाठीच येत. एकदा एक दूत शिंकेच्या ऐन तोंडावर थिजला होता आणि गाडी गेल्यावर त्याने ती शिंक पूर्ण केली, तेव्हा त्याला मिळाली तेवढी टाळी त्याला पुढे जन्मात मिळाली नाही.

आता हा पंजा गेली कित्येक वर्षं राजांचा होता.

राजे म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने नट. चाळीसएक वर्षांपूर्वी भाला धरून उभे राहायला म्हणून आले, ते आधी द्वारपाल झाले, मग दूत, आणि एका हंगामात मूळ राजाला कांजिण्या झाल्या म्हणून राजा झाले. मुकुट त्यांच्या डोक्यावर जरा वाकडा बसे, पण आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक मागे वळून बघत. एकदा राजा झाले ते राजाच राहिले. वाणी त्यांना राजे म्हणे, दाताचा डॉक्टर राजे म्हणे, विजेचं बिल तेवढं खऱ्या नावाने येई. राणीचं काम करायची त्यांची बायको. तिला कंपनीत सगळे वहिनी म्हणत. जे पहिल्यांदा वहिनी म्हणाले ते केव्हाच म्हातारे होऊन गेले, पण नातवाच्या वयाची पोरंसुद्धा वहिनीच म्हणत राहिली.

वहिनींचा थांबा म्हणजे दगडाने शिकावं असा. एकदा थांब्यात त्यांच्या नाकावर गांधीलमाशी बसली होती. माशी कंटाळून उडून गेली, वहिनींची पापणी हलली नाही.

पण थांब्याची खरी गंमत प्रेक्षकांना कधी कळलीच नाही. गाडीच्या धडधडाटात नट काय बोलतात ते पहिल्या पायरीवरच्यालाही ऐकू जात नाही. तेव्हा चेहरा प्रसंगाचा ठेवायचा, ओठ हलवायचे नाहीत, आणि दातांमागून खुशाल बोलायचं. अर्थात कुजबुजून भागत नसे, गाडीशी टक्कर होती, चांगलं दणकून बोलावं लागे. सेनापती शत्रूच्या छातीवर पाय ठेवून सासूच्या तक्रारी सांगे, आणि खाली पडलेला शत्रू मेल्या मेल्या त्याला सल्ला देई. याला म्हणत ‘गाडीतलं बोलणं’. त्याचा एकच नियम होता आणि तो कंपनीत देवाच्या शपथेसारखा पाळत: गाडीतलं गाडीत. बाहेर त्याचा विषय काढायचा नाही, कधीच नाही.

राजांचं तर अर्धं आयुष्य गाडीत बोलून झालं होतं. वहिनींना लग्नाचं त्यांनी गाडीतच विचारलं होतं, मुकुट पहिल्यांदा डोक्यावर आला त्या हंगामात. “हो,” असं वहिनींनी ओठ न हलवता सांगितलं होतं. त्यानंतर लेकीचं नाव काय ठेवायचं, आई गेल्याचं दुःख, नवीन घराची धाकधूक, सगळं गाडीत. आणि माफी तर फक्त गाडीत. घरात ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या घशापर्यंत येई आणि तिथून माघारी फिरे. एवढा मोठा आवाज, पण ह्या एका शब्दाला फुटत नसे. मग ते संध्याकाळची वाट बघत. शिट्टी झाली, पंजा छातीशी गेला, गाडी धडधडायला लागली, की समोर पायऱ्यांकडे नजर लावून ते डाव्या हाताला उभ्या असलेल्या बायकोला सांगत, “अगं, सकाळचं माझं चुकलं.” वहिनी गाडीत फार बोलत नसत. “हं” म्हणत, नाहीतर “बरं”. राजांचा जीव भांड्यात पडे. त्या दिवशी घरी गेल्यावर ते न सांगता स्वयंपाकघरात बसून लसूण सोलत, शीळ घालत. संसार म्हणजे याहून निराळं काय असतं?

आता मुद्द्यावर येऊ. शुक्रवारी राजांचा सत्कार झाला.

कंपनीनेच केला, बागेतच केला. हार झाला, भाषणं झाली आणि राजे बोलायला उठले. माणूस रंगात आला की त्याला आवरणारं कुणीतरी जवळ हवं. राजांनी दिग्दर्शकाचे आभार मानले, आधीचा जो वारला होता त्याचेही मानले. सुताराचे मानले, प्रॉम्प्टरचे मानले, कांजिण्या झालेल्या मूळ राजाचे मानले. बागेच्या माळ्याचे, पावसाचे, पाऊस न आल्याचे मानले. मुकुट हातात धरून मुकुटाचे मानले. शेवटी कुंपणाकडे हात करून गहिवरल्या आवाजात म्हणाले, “आणि त्या मालगाडीचे! ती नसती तर मी आज इथे नसतो.” टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या पायरीवर वहिनी ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. दोन.

घरी परतताना राजांना वाटलं, दमली असेल. दारात कुलूप काढताना वाटलं, दात दुखत असेल. जेवायच्या वेळी वहिनींनी भिंतीकडे बघून “जेवण वाढलंय” असं भिंतीलाच सांगितलं, तेव्हा मात्र त्यांना कळलं की अबोला सुरू झालाय, आणि का सुरू झालाय तेही त्याच घासाला कळलं. घास घशात अडकला. पाणी भिंतीने दिलं नाही, स्वतः उठून घ्यावं लागलं.

मग बाहेरच्या खोलीतून फोन ऐकू आला. वहिनी परगावच्या लेकीशी बोलत होत्या आणि अशा आवाजात, की स्वयंपाकघरात नीट पोचावं. शेवटी त्याही उघड्यावरच्याच नटी.

“हो गं, सोमवारी सकाळची बस. एकटीच... वरची खोली रिकामी आहे ना तुझी? मग झालं तर. किती दिवस? आता हंगाम संपलाच रविवारी. तिकडेच राहीन म्हणते... त्यांचं काय? त्यांना मालगाडी आहे.”

राजे पाटावरच बसून राहिले. वहिनी रागावल्या की भांडी आपटत, हे त्यांना माहीत होतं आणि त्यावर त्यांच्याकडे लसणाचा उतारा होता. पण त्या दिवशी भांडी मुकाट्याने जागेवर जात होती. रात्रीतून बॅग माळ्यावरून खाली आली. ती बॅग बघून राजे मनातून खरोखर घाबरले. बायकोशिवायचं घर त्यांना डोळ्यांपुढे आणताच येईना.

बोलायला हवं होतं. दाराशी गेले, “अगं,” म्हणाले. वहिनींनी मान वर केली. शब्द घशापर्यंत आला, नेहमीच्या जागी थबकला आणि माघारी गेला. “काही नाही,” राजे म्हणाले. “वारा सुटलाय.”

उद्या गाडीत सांगू, त्यांनी ठरवलं.

शनिवारी चौथ्या प्रवेशात शिट्टी झाली. राजांनी पंजा छातीशी नेला. गाडीचा आवाज पुरता भरेपर्यंत सवयीने एक दीर्घ श्वास घेतला आणि दातांमागून म्हणाले, “अगं, काल—”

आणि गाडी गेली. नुसतं इंजिनच होतं. मागे डबा म्हणून नाही. एकटं इंजिन लगबगीने निघून गेलं आणि राजे तोंड मिटून पंजा वर धरून उभे. सेनापतीने खाकरून आठवण केली, तेव्हा त्यांनी पंजा खाली घेतला. त्या रात्री त्यांनी रेल्वेला मनातल्या मनात जे काही सुनावलं, ते ऐकून कुणालाही वाटलं नसतं की कालच या माणसाने तिचे जाहीर आभार मानले होते.

राहिला रविवार. हंगामाचा शेवटचा प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस.

रविवारी राजे लवकर बागेत आले आणि कपड्यांच्या खोलीमागे जाऊन एका झाडासमोर उभे राहिले. चाळीस वर्षांत कुठल्या भूमिकेची केली नसेल एवढी तालीम त्यांनी त्या झाडासमोर केली. आज नमनाला तेल घालायचं नाही. दीर्घ श्वास घ्यायचा नाही, आवाज भरायची वाट बघायची नाही. इंजिन आलं तरी पुरेल असं, शिट्टी झाल्याबरोबर सुरू करायचं. “चुकलं माझं!” ते झाडाला म्हणाले. “माझं चुकलं!” पलीकडे पाणी घालणारा माळी नळी हातात घेऊन जरा वेळ थांबला आणि म्हणाला, “असू द्या राजे, माणूसच चुकतं.”

इकडे राजे झाडाची क्षमा मागत होते, तेव्हा तिकडे मॅनेजरने सगळ्यांना रंगमंचावर जमवून सांगितलं की रुळांचं काम निघालंय, आठवडाभर मालगाडी यायची नाही, तेव्हा आज थांबा नाही, चौथा प्रवेश सलग घ्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींनीही डोलावली. राजांना कोण सांगणार? मॅनेजरला वाटलं, प्रॉम्प्टर सांगेल. प्रॉम्प्टरला वाटलं, सेनापती सांगेल. सेनापतीला वाटलं, वहिनी सांगतील, नवराच आहे त्यांचा. आणि वहिनींचा अबोला होता.

संध्याकाळ झाली. पायऱ्या भरल्या. शेवटच्या पायरीवर नेहमीचे आजोबा कानाला पंजा लावून बसले. ते ऐकू येत नसतानाही दर रविवारी येत आणि मोठ्याने तक्रार करत.

चौथा प्रवेश असा: राणीचा अपमान झालाय आणि ती महाल सोडून निघालीय. राजा मधोमध, राणी डाव्या बाजूला कुंपणालगत, मागे सेनापती दोन शिपायांसह. राजे सिंहासनावरून उठले.

“राणी! या सिंहासनाने आजवर—”

लांबून शिट्टी आली. पुलावरून नव्हे, पार स्टेशनाच्या पलीकडून. तिथे एखादं इंजिन उगाच मागेपुढे करत असणार. एरवी राजांनी तिकडे लक्षही दिलं नसतं. पण ज्याला गाडी हवीच असते त्याला शिट्टी पुलावरूनच ऐकू येते. त्यांनी पंजा छातीशी नेला.

रंगमंचावर प्रत्येकाला माहीत होतं की गाडी नाही. पण राजांचा पंजा वर गेला, आणि चाळीस वर्षांची सवय असलेली कंपनी जागच्या जागी थिजली. सेनापती पायरी उतरत होता, तो एका पायावर राहिला. जुने प्रेक्षकही सवयीने गप्प झाले. बागेत अशी शांतता पसरली की माळ्याच्या नळीतून थेंब पडताना ऐकू यावा.

त्या शांततेत, ओठ न हलवता, नजर पायऱ्यांवर ठेवून, मालगाडीच्या वर चढेल एवढ्या आवाजात राजे बोलायला लागले.

“अगं ऐक, वेळ नाही! चुकलं माझं. सत्कारात मी त्या मुकुटाचे आभार मानले नि तुझे मानले नाहीत. विसरलो असं नाही, मला सुचलंच नाही. आपल्या हाताचे कुणी आभार मानतं का? हात असतोच! पण ते चूकच. तू जाऊ नकोस. साखर कुठल्या डब्यात असते ते मला माहीत नाही, म्हणून म्हणत नाही. म्हणजे तेही आहेच. पण तू डाव्या हाताला नसलीस तर मी बोलू कुणाशी? बाकीच्यांसमोर मी नुसती पाठ केलेली वाक्यं म्हणतो गं. बोलतो तो तुझ्याशी एकटीशी, आणि तेही गाडीत!”

इथे त्यांना श्वास घ्यावा लागला. आणि श्वास घेताना लक्षात आलं की आपल्याला आपला श्वास ऐकू येतोय.

गाडी कुठाय?

एक पाखरू झाडातून उडालं. तेही ऐकू आलं. पायऱ्यांवर शेपाचशे डोळे त्यांच्याकडे लागले होते. पहिल्या पायरीवर एक बाई घास तोंडाशी धरून तशीच बसली होती, तिनेही थांबा घेतला होता. पंजा छातीशी होता आणि तो खाली केव्हा घ्यायचा ते कळेना, कारण शेवटचा डबा गेला की घ्यायचा, आणि इथे पहिलाच आला नव्हता. मागे एका पायावरचा सेनापती हळूहळू डुलायला लागला.

तेवढ्यात जे घडलं ते कंपनीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं. वहिनी हलल्या. थांबा चालू असताना, राजांचा पंजा वर असताना, गांधीलमाशीला न जुमानणाऱ्या वहिनींनी सावकाश मान वळवली आणि नवऱ्याकडे टक लावून बघितलं.

“काय म्हणालात?” त्यांनी विचारलं. ओठ हलवून, चारचौघात.

राजांचे ओठ अजून बंदच होते. “गाडी नाहीये?”

“नाही.”

“मग आधी सांगायचं नाहीस?”

“अबोला होता.”

पायऱ्यांवर हशा उसळला. राजांचे कान मुकुटाखाली लाल झाले. पण वहिनी हसल्या नाहीत. त्या एक पाऊल पुढे आल्या. राजांना वाटलं, आता सगळ्यांसमोर पुरतं उट्टं काढणार.

“पुन्हा म्हणा,” वहिनी म्हणाल्या. “ओठ हलवून.”

राजांनी पायऱ्यांकडे बघितलं, सेनापतीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. झाडासमोर किती सोपं होतं. शब्द घशापर्यंत आला, नेहमीच्या जागी थबकला. माघारी फिरायला बघत होता, पण मागे वाट उरली नव्हती, आताच तर सगळ्या गावाने ऐकला होता तो.

“चुकलं माझं,” राजे म्हणाले. अगदी बारीक आवाजात.

“मागे ऐकू आलं नाही!” शेवटच्या पायरीवरून आजोबा ओरडले.

“चुकलं माझं!” राजे गरजले. झाडांतली उरलीसुरली पाखरंही उडाली.

“हां, आता आलं,” आजोबा म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. राजांनी पंजा खाली घेतला. सेनापतीचा पाय धाडकन जमिनीला लागला. वहिनी क्षणभर तशाच बघत राहिल्या, मग पुन्हा राणी झाल्या आणि पुढचं वाक्य म्हणाल्या, “मी निघते, महाराज. माझी वाट पाहू नका.” आणि कुंपणाकडच्या विंगेतून निघून गेल्या.

आता हे वाक्य लिहिलेलंच होतं, राणी दर प्रयोगाला ते म्हणून जायचीच. पण आज ते राणी म्हणाली की बायको, हे राजांना कळेना. पुढचं स्वगत त्यांनी कसंबसं ओढलं. प्रॉम्प्टरने दोनदा वाक्य पुरवलं, दोन्ही वेळा त्यांनी प्रॉम्प्टरकडे बघून मान हलवली आणि भलतंच म्हणाले. शेवटच्या नमस्काराला सगळे ओळीत उभे राहिले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती.

“वहिनी घरी गेल्या,” सेनापती म्हणाला. “रंगही उतरवला नाही.”

राजांनीही उतरवला नाही. ते तसेच निघाले, डोक्यावर मुकुट, पायात मोजड्या, झगा गोळा करून हातात धरलेला. वाणी दुकान बंद करत होता. “आज स्वारी कुठे, राजे?” त्याने विचारलं. राजे न थांबता पुढे गेले. चाळीस वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच उलट टोला न देता सोडलं.

दारातच बॅग होती, बंद केलेली. तिला वळसा घालून ते आत गेले. स्वयंपाकघरात वहिनी राणीच्या वेषात बसल्या होत्या, गालांवर लाली तशीच, कपाळावरचा दागिना जरा कलंडलेला.

“बसा,” वहिनी म्हणाल्या. भिंतीला नव्हे, त्यांना म्हणाल्या. राजे बसले.

“गाडीत तुम्ही असं बोलता?”

“असं म्हणजे?”

“म्हणजे असं. एवढं.”

“नेहमीच बोलतो की,” राजे म्हणाले. “तुला काय माहीत नाही?”

“मला कसं माहीत असणार? मला गाडीत काही ऐकू येत नाही.”

राजे हसले. मग हसायचे थांबले.

“कुंपणाला चिकटून मी उभी असते,” वहिनी म्हणाल्या. “गाडी माझ्या कानाशी. तुम्ही मधोमध, गाडीपासून लांब. तुम्हाला माझं ऐकू येतं, मला तुमचं कसं येणार? धडाड धडाड, एवढंच.”

“पण तू ‘हं’ म्हणायचीस.”

“मग काय म्हणू? गाडीत माणूस काहीतरी बोलतोय एवढं कळायचं. पुन्हा सांगा म्हणावं तर गाडी निघून जायची. आणि गाडीतलं गाडीत, बाहेर विचारायची सोय नाही. मधून एखादा शब्द यायचा. एकदा नुसतं ‘दवाखाना’ आलं होतं. महिनाभर मला झोप नव्हती.”

“अगं, सेनापतीच्या सासूचा दवाखाना!”

“ते मला आत्ता कळतंय.”

राजांनी घड्याळाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. “मग एवढ्या वर्षांची भांडणं?” ते म्हणाले. “मी माफी मागायचो, तू हं म्हणायचीस, मिटायचं. ती कशी मिटली?”

“तुम्ही घरी येऊन लसूण सोलायला बसायचात. मी म्हणायचे, यांचा राग गेलेला दिसतोय, आपणही सोडावा.”

“माझा राग!” राजे म्हणाले. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. विचारावं की नको? पण आज सगळंच उघड्यावर पडलं होतं.

“आणि लग्नाचं विचारलं तेव्हा?”

वहिनींनी पदराने गालाची लाली जरा पुसली. “तेव्हाही नाही.”

“तू हो म्हणालीस!”

“मला वाटलं, मुकुट वाकडा झालाय का म्हणून विचारताय. म्हटलं, हो.”

राजांचा हात मुकुटाकडे गेला.

“दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या बाबांपुढे येऊन उभे राहिलात,” वहिनी म्हणाल्या, “तेव्हा कळलं काय ते.”

“मग तेव्हा नाही म्हणायचं होतंस.”

“का म्हणू? मुकुट खरंच वाकडा होता. कुणीतरी बघायला नको का?”

यावर हसावं असं राजांना वाटलं आणि त्यांना रडूच आलं. लेकीच्या जन्माच्या वेळची भीती, आईचं जाणं, रोजची लहानसहान कौतुकं, सगळ्या माफ्या, जे जे म्हणून त्यांनी या बाईला मनापासून सांगितलं होतं ते सगळं मालगाडीत चढून कुठल्या कुठे उतरलं होतं. आणि हिने त्यातला एक शब्द न ऐकता सगळा जन्म काढला. ते झग्याच्या बाहीने डोळे पुसायला लागले, तर बाहीच्या जरीचा धागा डोळ्यात गेला.

“चोळू नका,” वहिनी म्हणाल्या आणि उठून ओलं फडकं आणून दिलं. “रडता कशाला? गाडी गेली, तुम्ही आहात ना इथे? सांगा आता.”

“काय सांगू?”

“सगळं. पहिल्यापासून. मी एवढी वर्षं उभी राहून नुसतं हं हं केलंय, मला कळायला नको काय काय कबूल करून बसलेय ते?”

राजांनी दाराकडे बघितलं. बॅग तिथेच होती. “आणि बस?”

“बस सकाळची आहे,” वहिनी म्हणाल्या. “तोवर तुमचं सांगून झालं, तर जाईन.”

राजांनी नाक पुसलं. मुकुट काढून ओट्यावर ठेवला, लसणाची टोपली पुढ्यात ओढली आणि एक गड्डा फोडला. दीर्घ श्वास घेतला. आज घेतला तरी चालणार होता.

“तर ऐक,” ते म्हणाले. “मुकुट वाकडा आहे का, असं मी विचारलंच नव्हतं.”

“ते आलं ध्यानात,” वहिनी त्यांच्यासमोर बसत म्हणाल्या. “पुढे?”